बंदर आळीत हातावर घेत नाहीत

३ फेब्रुवारी, सोमवार

सकाळच्या मेमू गाडीने पेणला उतरलो. रिक्षावाल्याला बंदर आळी म्हटलं, तर त्याने विचारलं, जिताडा मासा आणायला चाललाव काय. राहायला चाललोय म्हटल्यावर वाटभर आळीची चेष्टा करत होता: बंदर हाय पण बोट नाय, जकात चौकी हाय पण जकात नाय, आता तुम्ही राखणदार, राखणार काय? मीही हसलो. रोह्याची नोकरी गेल्यापासून तिथल्याच वरसे गावातल्या खोलीत बसून अंगाला बुरशी यायची बाकी होती.

काम हलकं आहे. मुंबईच्या एका मालकाने खाडीकाठची मिठाची जुनी गोदामं विकत घेतली आहेत. दुरुस्तीची माणसं येईपर्यंत मी राखण करायची. राहायला जुनी जकात चौकी दिली आहे. जाड भिंती, वर कौलं, आळीच्या बाजूला दार आणि गजांची खिडकी, मागचं दार थेट धक्क्यावर. शाळा संपली की दर्शना आणि स्वपू इकडेच येतील. स्वपू म्हणजे स्वप्नाली, माझी लेक, तिसरीत आहे. तिनेच ही वही दिली आणि बजावलं की पप्पा, तिकडे काय काय आहे ते रोज लिहा, आल्यावर मी वाचणार.

५ फेब्रुवारी, बुधवार

ओहोटीला सगळा धक्का फिरून पाहिला. एके काळी इथून तांदूळ आणि मीठ पडावांत, म्हणजे शिडाच्या बोटींत, भरून मुंबईला जायचं, आणि येताना पडाव कौलं, रॉकेल, कापड घेऊन यायचे. गोदामांच्या भिंतींना अजून मीठ फुटतं. बोट लावून चाखलं, खारट आहे. मग रस्ता झाला, पडाव कमी झाले, खाडी गाळाने भरली, आणि आता पायऱ्यांपर्यंत तिवरांची झाडं आली आहेत. लांबवर डोलवीच्या कंपनीच्या चिमण्या दिसतात. तिकडे बार्जेस जातात. इकडे कुणी वळत नाही.

एक नवल वाटलं. एवढा मोठा धक्का, पण बोट बांधायला एक खुंटा नाही. शेवटच्या पायरीजवळ नाथा नावाचा म्हातारा दिवसभर बसलेला असतो. जन्म मिठागरात गेला त्याचा. त्याला विचारलं. तो म्हणाला, खुंट्याला पाणी चढलेलं कळत नाय. भरतीबरोबर दोर ढिला करायला जिता माणूसच लागतो. म्हणून इथे दोर माणसाच्या हातात असायचा. ज्याने बोटीचा दोर धरला, त्याने ती रिकामी होईपर्यंत धरायचा. दमला तर दुसऱ्याच्या हातात द्यायचा, खाली टाकायचा नाही. एवढं सांगितलं आणि पुन्हा पाण्याकडे बघत बसला.

८ फेब्रुवारी, शनिवार

आळीच्या तोंडाशी ठमाबाईचं चहाचं दुकान आहे. मला रोहेकर म्हणते. दाढी वाढली की विचारते, काय रं रोहेकर, बायको नाय म्हणून वस्तरा पण नाय?

इथली एक रीत मजेची आहे. कुणी कुणाच्या हातातून काही घेत नाही. मीठ हातावर देत नाहीत हे आमच्याकडेही आहे, पण इथे चहाचा कप, काडेपेटी, तान्हं मूलसुद्धा आधी खाली ठेवतात, मग दुसरा उचलतो. मी कप घ्यायला हात पुढे केला, तर ठमाबाईने तो फळीवर ठेवला आणि बोटाने दाखवला. स्वपूला सांगायला हवं. हसेल.

१२ फेब्रुवारी, बुधवार

पौर्णिमा. दुपारी उधाणाची भरती होती. पाणी वरच्या पायरीला लागलं, तिवरांचे नुसते शेंडे दिसत होते. मी धक्क्यावर उभा होतो. पलीकडे नाथा बसला होता.

खालून कुणीतरी म्हणालं, “ओ भाऊ, जरा धरा.”

आवाज साधा, दमलेला. एक हात वर आला, मनगटात घड्याळाचा निळा पट्टा, मुठीत ओला दोर. मला वाटलं मासळीवाला असेल. मी वाकून दोर घेतला. कुणीही घेतला असता.

खाली बोट नव्हती. माणूस नव्हता. हातात दोरही दिसेना, पण त्याचं ओझं होतं. मुठी उघडेनात. पाणी उतरायला लागलं तेव्हा उघडल्या. दोन्ही तळव्यांवर पिळाचे वळ होते.

नाथा उठला होता. त्याने खाडीला हात जोडले आणि माझ्याकडे न बघता निघून गेला. तो रडत होता.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

काल दोन्ही भरत्यांना पुन्हा तेच. आजही. पाणी चढतं तशी मुठी आवळतात आणि खाडीकडे ओढ लागते. तास दोन तास. डॉक्टरांनी मलम दिलं आणि विचारलं, कुठे दोरखंडाचं काम करता का.

ठमाबाईला वळ दाखवले. तिने आधी दोन्ही हात पदराखाली घेतले, मग बोलली. निळा पट्टा जगनचा, नाथाच्या मुलाचा. दोर आधी नाथाच्या हातात होता. बापाचे हाल बघवेनात म्हणून जगनने भरतीला त्याचे हात धरून तो आपल्या हातात घेतला, आणि गेल्या माघात खाडीने त्याला दोरासकट आत नेलं. जो आत जातो तो खालून हाक मारत राहतो. कुणी वरून दोर धरला की तो सुटतो.

बोटीत काय आहे, असं मी विचारलं. ती म्हणाली, “रिकामी झालेली कुणी बगितली नाय, तर कोन सांगंल?”

मला आधी का सांगितलं नाही, असंही विचारलं. तिने चहा फळीवर ठेवला.

१६ फेब्रुवारी, रविवार

पळालो. दुपारची रोहा एसटी धरली. वडखळच्या नाक्यावर गाडी ट्रॅफिकमध्ये अडकली आणि भरतीची वेळ झाली. मुठी आवळल्या आणि मी सीटवरून मागे ओढला गेलो. मधल्या वाटेत लोळत मागच्या काचेपर्यंत गेलो. बायका ओरडल्या. फिट आली म्हणून कंडक्टर माझे हात धरायला धावला. भला माणूस. मी त्याच्या पोटात लाथ मारली. लोकांनी मला खाली उतरवलं.

रस्त्याच्या कडेला बसून विचार केला. घरी गेलो असतो तर हात कुणी धरले असते? दर्शनाने. दोन्ही हातांनी.

चालत परत आलो. इथे कुणी कुणाचा हात धरत नाही. मला हीच जागा बरी.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

नाथाच्या घरी गेलो. तो आता धक्क्यावर येत नाही. पाया पडलो. म्हटलं, तुमची सवय आहे, थोडे दिवस तुम्ही धरा, मला मुलगी आहे.

तो शांतपणे म्हणाला, “म्हयनं म्हयनं बसलो, पोर मला हाक मारंल म्हणून. त्यानं बापाला नाय मारली. तुम्हाला मारली. आता माझा पोर सुटला. मी कशाला हात घालू?”

मग त्याने आपले हात काखेत घेतले.

जगन खाली एवढे महिने कळ सोसत राहिला, पण बापाला हाक मारली नाही. मी खाली गेलो तर मला हे जमेल का? आणि माझी माणसं धक्क्यावर आली तर?

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

भांगाचे दिवस, भरती लहान. पाणी धक्क्याला जेमतेम टेकतं. ओढही कमी आहे, कुणी नुसतं हाताचं बोट धरल्यासारखी. दोन घास जेवलो. वाटलं, सुटतंय बहुतेक.

दर्शनाचा फोन आला. शिवरात्रीच्या सुट्टीला येतो म्हणाली. मी म्हटलं, कौलं उतरवली आहेत, येऊ नका. ती म्हणाली, “कौलं उतरवलीत का कोन बाई ठेवलीय? सरळ सांगा.” पाठीमागून स्वपू विचारत होती, वही भरली का.

२३ फेब्रुवारी, रविवार

पाणी पुन्हा चढायला लागलं. ओढ पहिल्यापेक्षा वाईट. भरतीला मागचं दार लावून खाटेच्या पायाला पाय अडकवून बसतो. खाट सरकते.

दर्शनाला फोन करून सगळं खरं सांगितलं. ती म्हणाली, “हातात बाटली असंल. दोर कसला.” फोन ठेवला.

२४ फेब्रुवारी, सोमवार

रिक्षावाला प्यायच्या पाण्याचा जार घेऊन आला, नेमका भरतीला. आळीतला नाही तो, त्याला रीत माहीत नाही. माझी अवस्था बघून म्हणाला, काय झालं दादा, आणि हात पुढे केला.

मी हात मागे घेतला. घेतला, पण लगेच नाही.

हे लिहून ठेवतो. लगेच नाही.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

खाट दाराला जाऊन भिडली. उजव्या तळव्याचं कातडं गेलं. डाव्या हाताने लिहितोय —

दर्शनाचा मेसेज. उद्या सकाळच्या गाडीने. “बघतेच कोन हाय ती.” फोन केला, उचलत नाही. दहा वेळा. पुन्हा —

ठमाबाईला निरोप दिला, त्यांना आळीच्या तोंडाशी अडव, काहीही सांग, मी मेलो सांग. ती म्हणाली, बघते. मग दुकानाची झडप पाडली तिने. उद्या उघडणार नाही —

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

पाणी चढतंय. आळीकडच्या दाराला आतून कडी लावली. वही मांडीवर, पेन आवळलेल्या मुठीत, हात पोटाशी धरून खुर्चीत बसलोय, धक्क्याकडच्या भिंतीपाशी, खिडकीपासून लांब —

रिक्षा थांबली. दर्शनाचा आवाज. दार वाजवतेय. आत कोन हाय, दार उघडा —

ओरडून सांगितलं, परत जा, काही धरू नका. ती रडायला लागली. तिला वाटतंय मी प्यायलोय —

पाणी मागच्या दाराखालून आत आलं. ओढ. हाडं निघतील. पेन नीट —

स्वपू खिडकीशी. गजांतून हात आत घातलाय. पप्पा, उठता येत नाय का, माझा हात धरा.

एवढासा हात. नाही. मी बसून राहणार. ती लहान आहे, तिला कळतही नाही, थोडाच वेळ धरला तर — नाही. नाही —

दर्शना, तिला घेऊन जा. मी हललेलो नाही. मी भिंतीपाशीच बसलोय, मी हललेलो —

खुर्ची खिडकीपाशी कधी आ