ओल्या फांदीची कात्री

९ मार्च
सकाळी लेवार्डन सोडून वोर्कुमला राहायला आले. छान ऊन होते. सामान दुपारपर्यंत लावून झाले. घर लहान आहे, पण स्वयंपाकघरातून कालवा दिसतो. पुष्कळ दिवसांनी मला भूक लागली. पुढच्या भिंतीवर विस्टेरियाची, जांभळ्या घोसांच्या फुलांची, जुनी वेल आहे. तिने पन्हळ वेढून पार वाकवली आहे. माझ्या नवऱ्याची, बाउकेची राख तिच्या मुळाशी घातली. जहाज आणि धक्का यांच्यामध्ये चिरडून गेलेल्या माणसाला निदान मऊ माती मिळावी, एवढेच मनात होते. शेजारची म्हातारी टेत कुंपणावरून पाहत होती. म्हणाली, राखेने फुलं चांगली धरतात हो, नवऱ्याचा एवढा तरी उपयोग होऊ दे. माझा तर मेल्यावरही आळशीच निघाला. मी हसले.

१३ मार्च
छाटणी सुरू केली. वेलीवर एकही पान नाही, वाळलेली वाटली. बाउकेच्या हत्यारांच्या पेटीतली कात्री घेतली. तिचे एकच पाते आहे, ते सपाट पट्टीवर दाबून बसते. फांदी तुटेना, नुसती चेचली गेली. टेत तिकडून ओरडली, अगं बाई, ही मेलेल्या लाकडाची कात्री, जिवंत फांदीचा ती चेंदा करते! आधी नखाने साल खरवडून बघ. हिरवं निघालं तर दोन पात्यांची घ्यायची, एकमेकांवरून सरकणारी. लेवार्डनच्या शाळांत एवढंही शिकवत नाहीत का? मग स्वतःची लाल दांड्याची कात्री आणून दिली. ती गेल्यावर मी साल खरवडली. आत हिरवे नव्हते. तांबडे होते, आणि ऊबदार.

१६ मार्च
चेचलेल्या फांदीतून ठिबकते आहे. पायरी धुतली, पुन्हा भरली. दवाखान्यात मला बाउकेची छाती दाखवली होती. फांदी तशीच दिसते. तिला फडके बांधले. त्याला पुन्हा तेच झाले, या वेळी माझ्याकडून.

१९ मार्च
वेलीत एक कावळा अडकला होता. सोडवायला गेले तर माझ्यादेखत वेलीचा वेढा आवळला. हाडे मोडल्याचा आवाज आला. मग त्या वेढ्याने माझा उजवा हात धरला. दोन बोटे मोडली. बाउके, बाउके म्हणत राहिले, तेव्हा सुटला.

२० मार्च
टेतने हात पाहिला आणि करवत घेऊन आली. मी सांगितले की वेलीत बाउके आहे. म्हणाली, असेल बाई, पण बोटं मोडणारा नवरा मी जिवंतपणीसुद्धा घरात ठेवला नसता. शिडीवर चढली. करवत लावताच सगळी भिंत हादरली. वेल तिच्या कमरेभोवती, मग गळ्याभोवती — ती मला कात्री, कात्री म्हणत होती. माझ्या हातात होती. लाल दांड्याची. गळ्यातली फांदी कोवळी होती, डाव्या हाताने एका दाबात तुटली असती. त्याला दुखेल म्हणून मी —
टेतचे पाय अजून शिडीवर आपटत आहेत.

२१ मार्च
आता आपटत नाहीत. दार उघडत नाही. खिडक्याही उघडत नाहीत. बाहेर कळ्या फुटल्या आहेत, टेतच्या अंगावर सर्वांत जास्त. तो पन्हळीवरून, छपराच्या फटीतून आत आला. फरशीवरून. हळू.

२२ मार्च
माझ्या गळ्यात एकच फांदी. ओली. कात्री टेबलावर, हात पोचतो. हीच कात्री हिला योग्य. उचलली. त्याच्या काळजाचा ठोका बोटांना लागला, सालीखाली — परत ठेवली. त्याला सांगितले, इतके घट्ट नको. क्षणभर ऐकले, मग —

बटाटे सोलायला घेतले. डाव्या हाताने जमते. सोलताना हात तो मोकळा सोडतो. गळ्याशी मात्र वेढा आणखी —