हवेत आवळलेला बोल्ट

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (एरवी हा शब्द मी सवयीने लिहितो. पण गेल्या महिन्यात गाडीखाली पडून पडून माझी आठही अंगं जमिनीला लागली आहेत, तेव्हा या वेळचा नमस्कार खरा धरावा.) तुझा गुडघा कसा आहे? गॅरेजात उकिडवं बसणं कमी केलंस का? भाऊजींचा खोकला थांबला असेल अशी आशा आहे. नसेल तर त्यांनी डॉक्टर बदलावा, दर आठवड्याला औषध बदलू नये. इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. गाडी ठीक नाही. पत्र त्याबद्दलच आहे, पण तिथपर्यंत पोचायला मला जरा वेळ लागेल, तेवढा दे. फोन केला असता, पण फोनवर तू मध्येच 'हं' म्हणतेस आणि तुझ्या त्या 'हं'पुढे मला धड बोलता येत नाही.

तर झालं असं. बाबांची गाडी तू मला दिलीस त्याला आता सहा वर्षं झाली. गेल्या दोन-तीन महिन्यांपासून प्रत्येक गतिरोधकावर पुढच्या डाव्या चाकापाशी 'खट्' असा आवाज यायला लागला. आमच्या विभागप्रमुख बाई रोज माझ्याबरोबर कॉलेजला येतात. त्या म्हणाल्या, तुम्ही यंत्र विभागातले, तुम्हाला तर आवाजावरूनच कळलं असेल. मला काहीही कळलं नव्हतं. मी मान डोलावली आणि संध्याकाळी वाकून पाहिलं, तर चाकाला धरून ठेवणाऱ्या लोखंडी आर्मच्या टोकाचे रबरी बुश पार चिरफाळले होते. घरी बायको म्हणाली, ताईंना एकदा विचारून घ्या. मी म्हणालो, एकोणीस वर्षं मी मुलांना नट-बोल्टच शिकवतोय, आता ताईला काय विचारायचं? ('ताईला' हा शब्द मी ज्या सुरात म्हटला तो सूर कागदावर उतरवता येत नाही, हे माझं नशीब.)

रविवारी सकाळी इमारतीच्या खाली गाडी जॅकने उचलून लोखंडी घोड्यांवर टेकवून ठेवली, चाक काढलं आणि अर्ध्या तासात मोकळं होऊ अशा बेताने बायकोला चहा टाकायला सांगितलं. बोल्ट बुशच्या आतल्या लोखंडी नळीला गंजून चिकटला होता. मी पाना लावून जोर केला की तो पाव फेरा फिरायचा, मला आनंद व्हायचा, आणि हात सोडला की रबर त्याला होता तिथे आणून ठेवायचं. असं मी दीड तास केलं. चहा घेऊन बायको आली तेव्हा मी तिला हा पीळ कसा साठतो आणि कसा सुटतो हे व्यवस्थित समजावून सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे निघत नाहीये." मग मी पान्याला लांब पाइप जोडला. (हाताची लांबी वाढली की जोर वाढतो, हे मी पहिल्या वर्षाला पहिल्याच आठवड्यात शिकवतो.) जोर खरंच वाढला. बोल्टचं डोकं तुटून माझ्या कानाजवळून गेलं आणि मी पाठमोरा तळमजल्यावरच्या परिचारिका बाईंच्या कुंड्यांमध्ये जाऊन बसलो. त्या रात्रपाळी करून झोपल्या होत्या. उठून बाहेर आल्या, माझं कोपर धुतलं, पट्टी बांधली, कुंड्यांबद्दल चकार शब्द काढला नाही. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

उरलेला बोल्ट करवतीने कापायला पुढचे चार दिवस लागले, रोज कॉलेजातून आल्यावर एक तास. गाडी जाण्या-येण्याच्या वाटेतच उभी होती, त्यामुळे सगळी इमारत भिंतीला पाठ घासत आडवी चालायची आणि जाताना माझी विचारपूस करायची. शेवटी जुने बुश ठोकून काढले आणि नवे मोठ्या वायसरांमधून लांब बोल्ट घालून आत ओढले. हे काम खरोखर नीट झालं, ताई. मी त्याचा फोटो घरच्यांच्या ग्रुपवर टाकला आणि तू लिहिलंस, "छान. गाडी खाली उतरवून मग आवळलेस ना?"

मी "अर्थात" असं उत्तर पाठवलं.

मी हवेत आवळले होते. चाक लोंबकळत असताना, गाडी घोड्यांवर असताना. तुझा प्रश्न वाचला त्याच क्षणी मला कळलं की रबर ज्या स्थितीत आवळलं जातं तीच त्याची विश्रांतीची स्थिती होते. मग गाडीचं वजन खाली आलं की ते कायम पिळलेलंच राहतं आणि फाटतं. (हे माझ्या नोट्समध्ये आहे. पान बेचाळीस.) गाडी तेव्हा जमिनीवर उभी होती. बोल्ट सैल करून पुन्हा आवळायचं दहा मिनिटांचं काम. पण मी हात धुतले होते, बायको कौतुकाने बघत होती आणि 'अर्थात' लिहून झालं होतं. मी पाना पुसून पेटीत ठेवला.

तीन आठवड्यांत 'खट्' परत आलं, येताना सोबत 'कर्र' घेऊन आलं. मग मी मंडईमागच्या गॅरेजात गेलो. तिथला मिस्त्री साधारण माझ्याच वयाचा, मोजकं बोलणारा. त्याने गाडी उचलली, बॅटरीचा उजेड मारून बराच वेळ बघत राहिला आणि मग शांतपणे म्हणाला की ज्याने हे केलंय त्याला ना गाडी कळते ना रबर, अशा माणसाच्या हाती पानाच द्यायला नको. "कुणाकडे केलंत, सर?"

आता पुढचं वाचताना बसून घे.

मी म्हणालो, गावी, बहिणीच्या गॅरेजात.

का म्हणालो ते मी त्या दिवसापासून स्वतःला विचारतोय. गॅरेजात आणखी दोन गिऱ्हाइकं होती, त्यातला एक माझा जुना विद्यार्थी, हे कारण पुरेसं नाही. कॉलेजात बाबांचा 'वाहन व्यवसाय' होता असं मी सांगत आलो. तुझं नाव निघालं की 'ती घरचं सगळं बघते' एवढ्यावर विषय संपवत आलो. बाबांची पाठ गेली तेव्हा तू कॉलेज सोडून पाना हातात घेतलास आणि त्या पान्यावर मी वसतिगृहात राहून पदवी घेतली. इतकी वर्षं मी तुझं गॅरेज लपवलं, आणि पहिल्यांदा चारचौघांत त्याचं नाव घेतलं ते असं.

मिस्त्रीने बॅटरी बंद केली. गाव विचारलं, गल्ली विचारली. मग बाबांना तिकडे सगळे म्हणायचे तसंच म्हणाला, "उस्तादांचं गॅरेज? मी तिथेच शिकलो. पाच वर्षं ताईंच्या हाताखाली होतो. ताई असं करणार नाहीत." मी म्हणालो, घाई असेल. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मला परिचारिका बाईंच्या कुंड्यांत परत जाऊन बसावंसं वाटलं. गाडी दोन दिवस ठेवून जा, एवढंच तो बोलला.

हे सगळं तुला माझ्याकडूनच कळावं म्हणून हे पत्र. तुझ्याकडे काही मागायला नाही. रागाव, महिनाभर बोलू नकोस, मी समजून घेईन. भाऊजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. अगदीच मागायचं नाही असं नाही. तो मिस्त्री तुला फोन करेल असं वाटतं. केलाच, तर नव्या ठेवलेल्या एखाद्या माणसाने केलं असेल, असं मोघम काहीतरी सांगशील का? तुझंही नाव राहील आणि माझंही.

आणखी ता. क. (दोन दिवसांनी. पत्र खिशातच राहिलं होतं.) वरची विनंती रद्द समज. गाडी आणायला गेलो तर मिस्त्री मान खाली घालून उभा. म्हणाला, मी ताईंना फोन केला होता. तू म्हणालीस म्हणे, "हो, माझ्याच हातून झालं. सरांना काही बोलू नकोस." ताई, तुला माहीत होतं. 'अर्थात' वाचलंस तेव्हाच माहीत होतं.

शेवटचा ता. क. (आज संध्याकाळी.) मी परत जाऊन त्याला सगळं सांगितलं. गिऱ्हाइकांसमोर, उभ्याने, कुंड्यांपर्यंत सगळं. त्याने ऐकून घेतलं, हात पुसले आणि माझ्या पाया पडला. म्हणाला, बहिणीची चूक असं स्वतःवर घेणारा भाऊ आजकाल कुठे असतो. पान बेचाळीसचासुद्धा काही उपयोग झाला नाही. इतकं माहीत असलेला माणूस हवेत बोल्ट आवळेलच कसा, असं तो मलाच विचारतो. तेव्हा आता मागायचं आहे ते हे: तू त्याला फोन कर आणि काम तुझं नव्हतं म्हणून सांग. तो फक्त तुझंच ऐकेल. लहानपणापासून माझं जे जे फुटलं, सांडलं, हरवलं ते तू आपल्या नावावर घेत आलीस आणि मी घेऊ देत आलो. एवढं एक माझं मला राहू दे.