उशीवरचा खळगा

४ फेब्रुवारी

घात झाला. माझ्याच हातानं!

हे अकरावं घर. सैन्यात गेलेल्या आणि परत न आलेल्या मुलांच्या खोल्यांचे फोटो काढतेय, दोन वर्षं झाली. नियम एकच: कशालाही हात लावायचा नाही. कंगवा तिरका तर तिरका, कोळिष्टक तर कोळिष्टक. हा नियम मी जगाला ऐकवत फिरते!

मुलगा तेवीस वर्षांचा. जाऊन आठ महिने झाले. आईनं उंबऱ्यातच सांगितलं, "सगळं बघा, उशी तेवढी जपा." गडद निळा अभ्रा, मधोमध डोक्याचा खळगा. रजा संपवून तो गेला त्या सकाळपासून तसाच, म्हणाली. मी मान डोलावली. कॅमेरा तिवईवर लावला, रोल भरला, सुरुवातीचे दोन क्लिक नेहमीसारखे वाया घालवले. मग प्रकाश मोजायला पलंगाजवळ गेले. मीटर उजव्या हातात. आणि डाव्या हातानं — देवा! — उशी थोपटली. सारखी केली. वर एकदा हातही फिरवला.

घरी नवरा मला इस्त्रीबाई म्हणतो. सुरकुती दिसली की हात गेलाच. इतकी वर्षं हसत होते मी त्यावर.

आई दारात उभी होती. ओरडली नाही. मटकन खाली बसली. "झोप मोडलीत हो तुम्ही," म्हणाली. "झोप मोडलीत!" वडील बाहेरून धावत आले, उशीकडे पाहिलं आणि भिंतीला टेकले. एवढा उंचापुरा माणूस, डोकं पार पांढरं, आणि ओठ लहान मुलासारखे थरथरत होते. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी उलट माझी बॅग उचलून फाटकापर्यंत आणून दिली.

५ फेब्रुवारी

जेवले नाही. नवरा म्हणतो, "माफी मागितलीस ना? मग आता काय जीव देणारेस?" माफीनं खळगा परत पडतो का?

८ फेब्रुवारी

तीनदा फोन केला. तिन्ही वेळा वडिलांनीच उचलला. "ती बोलत नाही कुणाशी. त्या खोलीच्या दाराशी बसून असते." त्यांचा स्वतःचा आवाज पार बसलेला. चार दिवस जागल्यासारखा.

हे काम सोडायचं. कॅमेरे विकून टाकायचे. कोण मी लोकांच्या दुःखात तिवई रोवणारी?

९ फेब्रुवारी

आंघोळ करताना आठवलं. वाया घालवलेले दोन क्लिक! कॅमेरा तिवईवर होता, पलंगाकडे तोंड करून. उशीला हात लागायच्या आधी!

पण रोलचा तो भाग भरतानाच उजेडात येतो. बहुतेक जळालेला असणार. रोल धुवायची छाती होत नाही. एक थेंब इकडचा तिकडे झाला की तेही गेलं. रसायनं चार वेळा मोजली आणि तशीच ठेवून बाहेर आले.

१० फेब्रुवारी

आहे!!

पहिला क्लिक पार जळाला. दुसऱ्याचा डावा अर्धा उजेडानं खाल्लाय, पण उजवीकडे उशी आहे. खळगा आहे. मोरीच्या उंबऱ्यावर बसून हमसून हमसून रडले. नवरा शेजारी येऊन बसला.

१२ फेब्रुवारी

मोठा प्रिंट काढला. काढला नसता तर बरं झालं असतं.

खळग्याच्या मधोमध एक केस आहे. आखूड. पांढरा.

मुलगा तेवीस वर्षांचा होता. आईचे केस कमरेपर्यंत. भिंग घेऊन तासभर पाहत बसले. निगेटिव्हवरचा ओरखडा असावा म्हणून देवाला विनवलं. केसच आहे.

फोन केला. वडिलांनी उचलला. मी केसाचं सांगितलं.  मग म्हणाले, "त्याचा खळगा महिन्याभरातच बुजला हो. उशीच ती! हिला कळलं असतं तर ही वेडी झाली असती. ही दुपारी तासभर शेजारी जाते, तेवढ्यात मी पडायचो. नंतर नंतर तिथेच डोळा लागायला लागला. आता कसा पडू? नवा खळगा दिसेल ना तिला. तुम्ही बोलू नका काही. पाया पडतो तुमच्या."

माझ्या पाया! मी त्याच्या झोपेची राखरांगोळी केली, आणि हा माझ्या पाया पडतो.

१३ फेब्रुवारी

बारीक ब्रश, राखाडी शाई. पाच मिनिटांत केस गायब. आयुष्यात फोटोवर खोटेपणा केला नव्हता, तोही केला. लाज वाटते. पण त्या माउलीला मुलाची म्हणून एवढी तरी उशी हवी ना!

१६ फेब्रुवारी

प्रिंट पाकिटात घालून त्यांच्या घरी घेऊन गेले. आईनं पाकीट स्वयंपाकघरात नेऊन उघडलं. वडील बाहेर बसले होते. तिनं फोटो खिडकीशी धरला. बराच वेळ पाहिला. मग एकदम हळू आवाजात म्हणाली, "इथे यांचा केस होता. तुम्ही काढलात?"

मी मान डोलावली.

"रोज दुपारी तासभर शेजारी जाऊन बसायचे मी. काही काम नसताना. इतके महिने हा माणूस तेवढाच तर झोपत होता हो."