गोत्र माहीत नसेल तर

ती. नाना,

उद्या तुम्ही माझ्या प्रदर्शनाला येणार म्हणून लिहायला बसले. पाठवायची हिंमत होईलसं वाटत नाही.

तिथे मी स्टीलचं एक मशीन केलंय. बटण दाबलं की रामकुंडाच्या पाण्याची सीलबंद बाटली पडते आणि आवाज येतो, "ओंजळीत पाणी घ्या. गोत्र माहीत नसेल तर काश्यप म्हणा. आता गेलेल्या माणसाचं नाव घ्या." आवाज तुमचा आहे. घाटावर तुम्ही तर्पण सांगताना मी तो चोरून रेकॉर्ड केला. लोकांनी तुमच्या धंद्याला हसावं, एवढंच मला हवं होतं.

आज वायरमन मनोजने तपासायला बटण दाबलं. मग चपला काढल्या, ओंजळ भरली, काश्यप म्हणून आईचं नाव घेतलं. मला म्हणाला, "ताई, आईला पोचलं असंल ना?"

तुमचे यजमानही हेच विचारायचे. तुम्ही "पोचलं" म्हणायचात. कशावरून, म्हणून भांडून मी घर सोडलं.

नाना, मी "पोचलं" म्हणाले.

उद्या तुम्ही बटण दाबून आमच्या आईचं नाव घेतलंत आणि माझ्याकडे पाहिलंत, तर काय सांगू?

तुमची,
मृण्मयी