सोडलेला चेंडू

प्रिय खारूताई,

ठुप्… ठुप्… ठुप्… आज दुपारी आरामखुर्चीत डोळा लागता लागता तो आवाज पुन्हा कानात आला. जुन्या लोकरी मोज्यात घातलेला चेंडू, मागच्या बोळात जिन्याखाली दोरीला टांगलेला, आणि समोर तू, तुझ्या कमरेला लागणारी बॅट घेऊन. मधोमध लागला की ठुप्, कडेला लागला की नुसतं फुस्स. मी डोळे मिटूनही ओळखायचो, कोपर खाली गेलंय गं. उठून मागे जाऊन पाहिलं. दोरी आहे, मोजा नाही. दोरीवर तुझ्या आईनं फरशीचं फडकं वाळत घातलंय.

घरचं म्हणशील तर ठीक आहे. तुझ्या बाबानं न्हाणीघरातला गळका नळ स्वतः दुरुस्त केला, त्यामुळे आता तो दोन्हीकडून गळतो. आई तुझ्या खोलीची खिडकी रोज उघडते आणि संध्याकाळी लावते. तुझं नाव निघालं की जेवणाच्या टेबलावर एकदम सगळ्यांना पाणी लागतं. हवापाण्याची आणखीही बातमी देता येईल, पण याआधीची पत्रं मी हवापाण्यावर सुरू करून हवापाण्यावरच संपवली आणि फाडली. हे फाडणार नाही, असं ठरवून बसलोय.

तुला आपल्या खुणा आठवतात ना? हे मी काय विचारतोय! तुला त्या आठवतात म्हणून तर सगळं झालं. शेजारच्या सिस्टर रात्रपाळी करून दुपारी झोपायच्या आणि त्यांची खिडकी नेमकी बोळावर. म्हणून चेंडूला मोजा आणि आपल्या तोंडाला कुलूप. मी बोळाच्या टोकाला स्टुलावर बसायचो. छातीवर हात ठेवला की पुढे येऊन खेळ. चष्मा काढला की सोडून दे, हा तुझा चेंडू नाही. आणि टोपी सरळ केली की मार. ही तिसरी खूण शिकवली खरी, पण कधी केली नाही. तू कितीदा डोळ्यांनी मागितलीस! मी आपला चष्मा काढून बसायचो.

तुला ठाऊकच आहे, शाळेत कविता चालीवर म्हणून घेताना पोरं यतीवर न थांबता सुसाट सुटायची, तेव्हा मी डस्टर आपटायचो. थांबा रे गधड्यांनो, कवीनं इथं श्वास घेतलाय! सोडलेला चेंडू म्हणजे मला तसा यती वाटतो. बॅट उंच, मान स्थिर, चेंडू अंगाजवळून निघून जातो आणि आख्खी दुपार क्षणभर श्वास घेते. माझ्या तरुणपणी मी असे चेंडू सोडत दिवस काढलेत. बघायला कोण होतं म्हणशील तर पंच, आणि तोही जांभया देत. पण मला तेच क्रिकेट वाटलं. नव्हे, तेवढंच क्रिकेट वाटलं, आणि खोट तिथेच आहे.

मग तू मोठी झालीस आणि त्या झटपट खेळात गेलीस. गुडघ्यावर बसून चेंडू कीपरच्या डोक्यावरून मागे भिरकावायला शिकलीस. मी मुद्दाम ऐकू जाईल असं म्हणालो की हे क्रिकेट नव्हे, ही धुणं आपटण्याची स्पर्धा आहे. तू हसून म्हणालीस, “आजोबा, प्रत्येक कवितेला सबंध दुपार थोडीच मिळते? चारोळी पण कविताच ना!” मी म्हणालो, चारोळीला वही लागत नाही, पाकिटाची मागची बाजू पुरते. तू दर सामन्याला मात्र माझ्यासाठी एक खुर्ची धरून ठेवत राहिलीस आणि दर सामन्याला माझे गुडघे दुखत राहिले. ते दुखत नव्हते गं.

त्या दिवशी शेवटी आलो. तू मला पांढऱ्या पडद्याशेजारी बसवलंस, गोलंदाजाच्या बरोब्बर पाठीमागे, म्हणजे चेंडू किती वळतो ते मला दिसेल म्हणून. त्या गोंगाटात, ढणढण गाण्यांत, बसल्या जागी नाचणाऱ्या माणसांत तू माझी आवड लक्षात ठेवली होतीस. आणि काय खेळत होतीस! हे मी तुला अजून सांगितलेलं नाही. तू तो कीपरच्या डोक्यावरून मारलास ना, तेव्हा चेंडू बॅटवर येईपर्यंत तू थांबली होतीस. केवढी थांबली होतीस! माझ्या अख्ख्या आयुष्यातला संयम तू पापणी लवायच्या आत वापरलास. मला ते दिसलं. दिसलं आणि सोसलं नाही.

शेवटचे दोन चेंडू, हव्यात चार धावा. गोलंदाज मागे चालत गेली. तू मान वर करून थेट माझ्याकडे पाहिलंस आणि हसलीस. मी चष्मा काढला.

घरी येताना गाडीत तुझ्या आईनं विचारलं तेव्हा मी म्हणालो, काचेवर घाम आला होता. तू मागच्या सीटवर खिडकीला डोकं टेकून बसली होतीस, सगळं ऐकत होतीस. घाम नव्हता आला. मला माहीत होतं तू पाहते आहेस, आणि मला माहीत होतं चष्मा काढणं म्हणजे काय. तू सल्ला मागत नव्हतीस, खारूताई. तू मला दाखवत होतीस. लहानपणी चित्र काढून आणायचीस ना, तशी. आणि मी त्या चित्रावर रेघ मारली. तुझं हसू मावळलं, तू मान खाली घातलीस, आणि ऑफ स्टंपच्या बाहेरचा तो चेंडू, जो तू डावभर सीमेपार धाडत होतीस, तो बॅट उंच करून सोडून दिलास. पुढच्यावर दोनच धावा निघाल्या. एका धावेनं हरलात.

अजून खालची पायरी राहिली आहे, तीही उतरतो. तू चेंडू सोडलास तेव्हा माझ्या तोंडून “वा!” गेलं. मोठ्यानं. मैदान हसत होतं, कुणीतरी “आजीबाई, घरी जा” म्हणून ओरडलं, तुझ्या जोडीदार पोरीनं डोक्याला हात लावला, आणि मी एकटा म्हातारा खुर्चीत वा वा करत होतो. मला आनंद झाला होता. एवढ्या लोकांसमोर, त्यांच्या खेळात, माझा एक चेंडू घुसवला म्हणून. पुढल्या रांगेतल्या बाईंनी वळून माझ्याकडे असं पाहिलं, जसं वर्गात फळा पुसताना मागून शिट्टी वाजली की मी पोरांकडे पाहायचो.

पुढचं सगळं तुला झेलावं लागलं. मोबाईलवर ती चित्रफीत फिरली, ‘आजीबाई’ हे नाव चिकटलं, संघातून वगळलं. मी रोज वाट पाहिली की तू एकदा तरी कुणाला सांगशील, आजोबांनी खूण केली म्हणून. तू सांगितलं नाहीस. पायात गोळे येतात म्हणालीस, अभ्यासाचं निमित्त केलंस आणि सुट्टी संपायच्या आधीच वसतिगृहावर निघून गेलीस. निघताना वाकून नमस्कार केलास आणि माझ्या खिशातला वाकडा झालेला चष्मा नीट करून ठेवलास. त्यापेक्षा एक मुस्काटात मारली असतीस तर बरं वाटलं असतं.

आता पत्राचं कारण. काल मी तुझ्या कोचकडे जाऊन आलो. माझाच विद्यार्थी तो, यतीवर जन्मात न थांबलेला. त्याला सगळं सांगितलं, ‘वा’सकट. तो बराच वेळ बुटाची नाडी बांधत बसला. मग म्हणाला, “सर, मी तिला खोदून खोदून विचारलं, का सोडलास? माझं चुकलं, एवढंच म्हणाली.” रविवारी पुन्हा निवड आहे. तू आलीस तर तो खेळवणार आहे, पण बोलावणं धाडणार नाही, कारण वगळलं त्यानं असलं तरी खेळ तू स्वतःहून सोडलास असं त्याला वाटतं. दारापर्यंत सोडायला आला आणि म्हणाला, “सर, तुम्ही आलात तर चष्मा घरी ठेवून या.” विनोद होता बहुतेक. मला हसता आलं नाही. खारूताई, मला माफ कर असं मी लिहीत नाही. तेही मागणंच झालं, आणि तुझ्याकडून मी पुष्कळ घेतलंय. तू ये, एवढंच. सगळ्या गावाला वाटतं की आणीबाणीच्या वेळी तुझी बुद्धी फिरली. तुलाही हळूहळू तसंच वाटू लागलं असेल, याचीच मला भीती वाटते. तुझी बुद्धी शाबूत होती. फिरली होती ती माझी. रविवारी मी घरीच बसेन, आणि तुला खुर्ची धरावीशी वाटलीच, तर टोपी घालून येईन.

तुझाच, तोंड लपवत फिरणारा,
आजोबा

ता. क. पाकीट चिकटवत होतो तोच बेल वाजली. दारात शेजारच्या सिस्टर. निवृत्त झाल्यापासून कधी आमचा उंबरा ओलांडला नाही त्यांनी. आजही आत येत नाहीत, म्हणतात, घाई आहे. त्यांच्या काखेत तुझी बॅट आहे. मी ती माळ्यावर शोधून दमलो होतो. जाताना तू त्यांच्याकडे ठेवलीस म्हणे, आणि काल फोन करून मागवलीस. उद्या त्या लेकीकडे तुझ्याच बाजूला निघाल्यात. मी विचारलं, तिनं काही सांगितलं का? तर म्हणाल्या, “सांगायला कशाला हवं? दुपारी मी कुठे झोपायचे? पडद्याआडून तुमची ती मुकी शाळा बघायचे. चष्म्याचा अर्थ मला तेव्हापासून ठाऊक आहे. ती चित्रफीत पाहिली, मागे तुम्ही चष्मा काढताना दिसलात, कळलं.” मी मान खाली घातली. त्या म्हणाल्या, “तिसरी खूण तेवढी कधी दिसली नाही. ती काय, हे जाताना पोरीनं सांगितलं.” पत्र मी अजून हातात धरून उभा आहे, पाकिटावर हे खरडतो आहे. सिस्टर विचारताहेत, बॅटीबरोबर आणखी काही द्यायचंय का? आणि त्यांच्या पांढऱ्या केसांवर टोपी नाही, तरी हात वर नेऊन ती सरळ करताहेत.