तपकिरी पेशी

ठाणे, मंगळवार, डिसेंबर १९९५

कोपरचे नामदेव लिम्फोमाने, म्हणजे लसिकाग्रंथींच्या कर्करोगाने, गेले, आणि त्यांच्या मानेतल्या गाठीच्या तुकड्याची, तपासणीसाठी रंगवलेली काच मुंबईहून आज आली. उशीरच. रिपोर्ट न्यायला त्यांची बायको जनाबाई आली होती. तिला मायक्रोस्कोपमधून दाखवलं. म्हटलं, लॅबमध्ये लावलेल्या अँटिबॉडीच्या रंगामुळे तपकिरी दिसतात त्या टी-पेशी, शरीराच्या राखणदार.

"एवढ्या? मंग ते लढत होते ना, डॉक्टर? दीर बोलतो, त्यांनी धीर सोडला."

"लढत होते," मी म्हणाले.

खरं होतं का ते? गाठीत अशा पेशी पुष्कळदा नुसत्याच थकून बसलेल्या असतात. तपकिरी रंगावरून पेशी ओळखता येते, माणसाचा धीर कसा ओळखणार?

जनाबाईने पुन्हा डोळा लावला. बराच वेळ. मग डोळे पुसत म्हणाली, "आज दिराला सांगते."

मी तिला अडवलं नाही.