चौकातला फ्लेक्स

दिघी,
४ फेब्रुवारी २०२५

ती. अंजलीताईस,
धम्मरत्नचा सप्रेम जयभीम. वि. वि.

फोन सोडून पत्र लिहितोय म्हणून हसू नकोस. घरात दिवसभर सुमेधचे मित्र बसलेले असतात, त्यांच्यासमोर बोलता येत नाही. आमची लेक विजयश्री तुझ्याकडे येतेय, तिच्या हाती पाठवतो.

गेल्या गुरुवारी उजव्या हाताला कोयता लागला, तेव्हापासून सुमेधला घास भरवावा लागतो. बावीस वर्षांचा घोडा! मारणारा भैरू आत आहे. कारण काय, तर भैरूच्या वाढदिवसाचा फ्लेक्स कुणीतरी फाडला आणि आळ आपल्या पोरावर आला. भैरूचे वडील रंगराव माझ्याच शिफ्टला असतात. कंपनीच्या बसमध्ये ते आता माझ्याकडे बघत नाहीत, मीही बघत नाही.

मित्र मात्र जिवाला जीव देणारे. 'लवकर बरा हो भावा' असा फ्लेक्स चौकात लावू का म्हणाले, मी हो म्हटलं. मधे सुमेध, खाली सगळ्यांचे फोटो. बघून ऊर भरून आला. तरी ताई, भीती वाटते. मी चहा घेऊन गेलो की पोरं गप्प होतात. काल 'रविवारी' एवढंच कानावर आलं. तू नर्स, असल्या जखमा रोज बघतेस. हे शांत होईल ना?

तुझा लहान भाऊ,
धम्मरत्न


चिंचवड,
५ फेब्रुवारी

चि. धम्मरत्न यास,
जयभीम आणि अनेक आशीर्वाद.

इंजेक्शन बघून पलंगाखाली शिरणारा तू, तुला खोटा धीर देऊ का? आपोआप काही शांत होणार नाही.

डेंग्यूचा पेशंट आला की त्याच्या घराभोवती पाणी कुठं साचलंय ते शोधतात ना, तसं आमच्या रुग्णालयात वर्षभर कोयत्याच्या जखमांचं चाललंय. जखम कुठं झाली, कशावरून, आता कोण चिडलंय, हे मी वहीत लिहिते. मग चिडलेली पोरं ज्याचं ऐकतील असा माणूस आम्ही त्यांच्याकडे पाठवतो. माझ्या वहीत दुसरी जखम, म्हणजे बदल्याची, बहुतेकदा पंधरा दिवसांच्या आत आलीय. आणि मधल्या दिवसांत चौकात असाच एखादा फ्लेक्स लागलेला असतो.

अरे, ज्यांचे फोटो लागले त्यांना आता मागं फिरता येत नाही. आणि कोण कोण मारायला येणार, हे भैरूच्या धाकट्या भावाला रोज जाता-येता दिसतं. तो काय गप्प बसला असेल? मला फार भीती वाटतेय.

आमचा माणूस उद्या येईल, पण फ्लेक्स तू लावू दिलास, तूच उतरव. चोरून नको, भर दुपारी, सगळ्यांदेखत. आधी रंगरावांना सांग.

रागावू नकोस, माया आहे म्हणून बोलले.

तुझी ताई


दिघी,
९ फेब्रुवारी, रविवार

ती. ताईस,
सप्रेम जयभीम.

घाईत लिहितोय, अक्षर सांभाळून घे.

शुक्रवारी सुमेधच्या गादीखाली दोन कोयते सापडले. नवेकोरे, पेपरात गुंडाळलेले. विचारलं तर म्हणाला, त्याला कुणाला मारायचं नाही, पण त्याच्यासाठी ज्यांचे फोटो लागले त्यांना थांबा कुठल्या तोंडानं म्हणायचं? रडला गं पोरगा. तू पाठवलेल्या माणसानं कोयते पोलिसांत जमा केले. मित्रांना मी सांगितलं की फ्लेक्स मी उतरवणार, राग माझ्यावर काढा. एकेक जण उठून निघून गेला. त्याचीच जास्त भीती वाटली.

काल रंगरावांच्या दारापर्यंत जाऊन दोनदा परत फिरलो. तिसऱ्यांदा दार वाजवलं. त्यांनी उघडलं नाही, आतूनच कोण म्हणून विचारलं. उद्या बाराला फ्लेक्स उतरवतोय, एवढं बाहेरूनच सांगून आलो.

आज शिडी लावली. पोरं दुकानांच्या पायऱ्यांवर उभी, कुणी मदतीला येईना. चार पायऱ्या चढलो तोच शिडी हलली. खाली बघतो तर रंगराव, डोक्यावर कंपनीचं हेल्मेट घालून. दोन्ही हातांनी शिडी धरलेली, पाठ पोरांकडे. माझ्या बोटांना तारा सुटेनात. नजर सारखी त्यांच्या पाठीवर. पोरांतला एक जण पायरी उतरून पुढे आला.

तेवढ्यात सुमेध आला. हात गळ्यात बांधलेला. पोरांच्या आणि रंगरावांच्या मधे जाऊन उभा राहिला. फ्लेक्स खाली येईपर्यंत हलला नाही.

तुझ्या वहीतल्या पंधरा दिवसांतले पाच अजून बाकी आहेत. तोवर रोज दोन ओळी लिहीत जा, तेवढाच आधार. उद्या पहिली शिफ्ट आहे. बसमध्ये रंगरावांच्या शेजारी बसणार आहे.

तुझा भित्रा भाऊ,
धम्मरत्न